सूक्ष्म लहरी, प्रकाशतंतू आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



इलेक्ट्रॉनिक्स, सूक्ष्म लहरींचे तंत्र आणि प्रकाशाच्या साहाय्याने संदेशवहन या क्षेत्रांत झालेले संशोधन, असा भारदस्त विषय माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकविणारा शिक्षक. हा विषय विज्ञानाच्या सरांनी का घेतला नाही, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्यावर माझे म्हणणे एवढेच की, शेतीवर फक्त शेतकऱ्याने बोलावे असे ठरविले तर भाकरी खाणाऱ्या बाकीच्यांनी गप्पच बसावे लागेल. मोबाइल आज आपण सगळेच वापरतो. मग तो कोणाच्या बुद्धीतून आला, कसा चालतो आणि त्या बुद्धिवंतांच्या रांगेत आपली मुले कधी उभी राहणार, हे विचारण्याचा अधिकार इतिहासाच्या शिक्षकालाही आहे.

आपल्या खाडीकाठच्या गावांत असे घर क्वचितच असेल, की ज्या घरातला कोणी कुवेत, दुबई, मस्कत किंवा दोहा येथे गेलेला नाही. वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. पत्र यायला दोन-दोन, तीन-तीन आठवडे लागत. सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हाती कॅसेट पाठविली जाई आणि मग घरातली सारी माणसे टेपरेकॉर्डरभोवती बसून मुलाचा आवाज ऐकत. ट्रंक कॉल लावायचा तर तालुक्याच्या गावी जाऊन ताटकळत बसावे लागे. आज आजी ओट्यावर बसून नातवाचा चेहरा पाहते आणि "दुबळा झालास रे" असे तोंडावर म्हणते. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे शे-सव्वाशे वर्षांचे संशोधन आहे.

आजीच्या त्या वाक्याचा प्रवास पाहा. मोबाइलमधली चिप आवाजाचे आणि चित्राचे रूपांतर शून्य आणि एक या आकड्यांत करते, हे झाले इलेक्ट्रॉनिक्स. ते आकडे सूक्ष्म लहरींवर स्वार होऊन टेकडीवरच्या टॉवरपर्यंत जातात. तिथून पुढे बहुतेक प्रवास काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने होतो, आधी जमिनीखालून मुंबईपर्यंत आणि मग समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलीतून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. मुंबई-दुबई हे सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर काचेतला प्रकाश सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात कापतो. या तीन टप्प्यांविषयीच मी क्रमाने बोलणार आहे.

वाळूतून निघालेले वैभव

इलेक्ट्रॉनिक्सच्या आजच्या युगाची सुरुवात १९४७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाली. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यांना आणि विल्यम शॉकली यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापत, जळत आणि जागाही फार खात. ट्रान्झिस्टरने तेच काम दाण्याएवढ्या तुकड्यात केले.

१९५८ साली जॅक किल्बी यांनी आणि १९५९ साली रॉबर्ट नॉइस यांनी वेगवेगळ्या रीतीने दाखवून दिले की, अनेक ट्रान्झिस्टर आणि त्यांना जोडणारे भाग एकाच तुकड्यावर बसविता येतात. यालाच आपण आज चिप म्हणतो. चिपचा पाया असलेले सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूतच असते. आपल्या पुळणीवर पायाखाली येते ती वाळू शुद्ध करत नेली की तिचे मोल सोन्याला लाजवते.

येथे एक नाव मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्या मुलांच्या पुस्तकात सहसा येत नाही. मोहम्मद अताला. इजिप्तमधील पोर्ट सैद येथे १९२४ साली त्यांचा जन्म झाला. कैरो विद्यापीठात शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले आणि बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. सिलिकॉनचा पृष्ठभाग बेभरवशाचा असे आणि त्यामुळे उपकरणे नीट चालत नसत. त्यावर सिलिकॉनच्याच ऑक्साइडचा पातळ थर वाढविला तर तो शांत होतो, हे अताला यांनी दाखविले. पुढे १९५९ साली त्यांनी कोरियात जन्मलेले सहकारी डॉन कांग यांच्याबरोबर मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर तयार केला. आजच्या चांगल्या मोबाइलच्या नखाएवढ्या चिपवर याच जातीचे हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असतात. एक इजिप्तचा, एक कोरियाचा, आणि दोघांचे काम आज जगातल्या प्रत्येक खिशात आहे.

न दिसणाऱ्या लहरी

आता सूक्ष्म लहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह. प्रकाश ही विद्युत आणि चुंबकीय लहर आहे, असे गणित मॅक्सवेल यांनी १८६५ साली मांडले. हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास तशाच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या. लहरीच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. साधारणपणे एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत तरंगलांबी असणाऱ्या लहरींना सूक्ष्म लहरी म्हणतात.

या सूक्ष्म लहरींचा एक आद्य संशोधक आपल्या देशातला होता. जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत. तेथे हिंदी प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी पगार देण्याची रीत होती. बोसांनी निषेध म्हणून तीन वर्षे पगारच घेतला नाही, पण शिकविण्याचे काम चोख केले. धड प्रयोगशाळा नव्हती, उपकरणे ते स्थानिक कारागिराकडून करवून घेत. अशा स्थितीत त्यांनी अवघ्या पाच मिलिमीटर तरंगलांबीपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि दारू उडवून दाखविली. गॅलेना या स्फटिकाचा वापर करून लहरी ओळखणाऱ्या त्यांच्या उपकरणाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणांच्या अगदी पहिल्या पेटंटांत ते गणले जाते. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू झाली. या पिढीच्या तंत्रात मिलिमीटर लहरींचाही समावेश आहे, आणि बोसांनी तो प्रदेश सव्वाशे वर्षांपूर्वी चाचपून पाहिला होता.

याच बोसांची आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. त्यांच्या वडिलांनी, सरकारी अधिकारी असूनही, मुलाला आधी इंग्रजी शाळेत न घालता मातृभाषेच्या शाळेत घातले. वर्गात त्यांच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान सेवकाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. त्या सवंगड्यांकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जीवांच्या गोष्टींनीच आपल्या मनात निसर्गाविषयी कुतूहल निर्माण झाले, असे बोसांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मातृभाषेच्या शाळेत मुलगा मागे पडेल या धास्तीने हवालदिल झालेल्या पालकांनी यावर विचार करावा. इंग्रजी यायला हवेच, त्याबद्दल दुमत नाही. पण "का?" हा प्रश्न मूल ज्या भाषेत विचारते, त्या भाषेत त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

सूक्ष्म लहरींना खरी ताकद मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी मॅग्नेट्रॉनचा एक नवा प्रकार तयार केला. सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या जोरदार लहरी देणाऱ्या या साधनामुळे विमानात मावेल असे रडार शक्य झाले. युद्ध संपल्यावर तेच मॅग्नेट्रॉन स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये जाऊन बसले. वादळाची चाहूल देणारी हवामान खात्याची डॉप्लर रडारेही याच लहरी वापरतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आधी मिळालेल्या इशाऱ्याची किंमत काय असते, हे होडी ओढून वर घेणाऱ्या प्रत्येक घराला कळले.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. परदेशाशी उपग्रहामार्फत व्यापारी संदेशवहन करणारे भारताचे पहिले भूकेंद्र पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली सुरू झाले. १९८४ साली मुंबईत 'समीर' ही संस्था उभी राहिली. तिचे मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्म लहरींच्या विभागात होते आणि तिचे मुख्य कार्यालय पवईच्या आयआयटीच्या आवारात आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारी यंत्रे या संस्थेने देशात तयार केली. या यंत्रात सूक्ष्म लहरींच्या जोरावर इलेक्ट्रॉनना वेग दिला जातो. म्हणजे लहर एकच, पण ती दूध गरम करते, वादळ पाहते, निरोप नेते आणि दुखणेही बरे करते.

जुन्नर तालुक्यातच खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. एवढ्या मोठ्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूप यांनी ताणलेल्या तारांवर जाळी बसविण्याची युक्ती काढली. वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी होते आणि खर्चही वाचतो. तिसांही थाळ्यांनी पकडलेले अतिक्षीण संकेत प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात. इलेक्ट्रॉनिक्स, रेडिओ लहरी आणि प्रकाशतंतू अशी तिन्ही शास्त्रे एकत्र नांदताना पाहायची असतील तर आपल्या शाळेची सहल एकदा खोडदला गेली पाहिजे, अशी सूचना मी या निमित्ताने संस्थेपुढे ठेवतो.

काचेतून प्रकाश

आता तिसरा टप्पा, आणि माझ्या मते सर्वांत रंजक.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वाकतो, याला आपण वक्रीभवन म्हणतो. त्याचा नियम युरोपात सतराव्या शतकात प्रसिद्ध झाला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु बगदादमधील इब्न सह्ल यांनी इ.स. ९८४ च्या सुमारास भिंगांवर लिहिलेल्या ग्रंथात हा नियम भूमितीच्या रूपात वापरलेला आढळतो. त्यांच्यानंतर बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल्-हैसम यांनी प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हा जुना समज त्यांनी खोडून काढला. वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा इब्न अल्-हैसम यांच्या कार्याला हजार वर्षे झाल्याचे स्मरण युनेस्कोने केले.

या थोर नावांवर आपण भाषणांतून टाळ्या घेतो. टाळ्या घ्यायला हरकत नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या आजोबांच्या कमाईवर आजचे घर चालत नाही. हैसम यांचा खरा वारसा त्यांच्या नावात नाही, त्यांच्या सवयीत आहे. थोरामोठ्यांनी लिहिले म्हणून खरे न मानता पडताळून पाहायचे, ही ती सवय.

काचेतला प्रकाश बाहेर का पडत नाही, ते पाहू. काचेतून किंवा पाण्यातून हवेकडे जाणारा किरण पृष्ठभागाला फार तिरका लागला, तर तो बाहेर न पडता आतच परत फिरतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्ही घरी पाहू शकता. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला बुडापासून थोडे वर भोक पाडा, पाणी भरा आणि खोली अंधारी करा. भोकाच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत बाटलीतून नेमका भोकावर टाका. बाहेर पडणारी पाण्याची धार वाकते आणि तिच्याबरोबर प्रकाशही वाकतो. धारेखाली हात धरा, तळव्यावर उजेड पडेल. जिनिव्हाचे कोलाडॉन यांनी असाच प्रयोग १८४० च्या सुमारास लोकांना दाखविला होता.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे आग्र्याला शिकले. प्रकाश सरळ रेषेतच जातो, हे शिक्षकांचे विधान आपल्याला तेव्हाच पटले नव्हते, असे ते सांगत. पुढे लंडनला हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखविले आणि १९५४ साली 'नेचर' नियतकालिकात तो शोध प्रसिद्ध झाला. वर्गात उलट प्रश्न करणारा विद्यार्थी आम्हा शिक्षकांना पुष्कळदा नकोसा वाटतो. कपानींचे उदाहरण शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवण्यासारखे आहे.

मात्र एक अडचण होती. पोट तपासण्याच्या नळीला हातभर तंतू पुरतो, गावोगावचे टेलिफोन जोडायला तो मैलोगणती लागतो. त्या काळच्या चांगल्या काचतंतूतसुद्धा वीस मीटर गेल्यावर शंभर भागांतला जेमतेम एक भाग प्रकाश उरे. १९६० साली लेसरचा शोध लागला, तेव्हा संदेश नेण्याजोगा प्रकाश मिळाला, पण त्याला रस्ता नव्हता. हवेत धुके, पाऊस आड येत. म्हणून मोठमोठ्या कंपन्या धातूच्या पोकळ नळ्यांतून सूक्ष्म लहरी नेण्याच्या योजना आखत होत्या. काच हा नाद सोडून देण्याचा पदार्थ आहे, असेच बहुतेकांचे मत होते.

अशा वेळी चार्ल्स काव या तरुण अभियंत्याने वेगळा प्रश्न विचारला. काव यांचा जन्म शांघायचा. नंतर कुटुंब हाँगकाँगला आले आणि पुढे ते लंडनला शिकले. नोकरी हार्लो येथील एका टेलिफोन प्रयोगशाळेत. त्यांचा प्रश्न असा होता : प्रकाश नष्ट होतो तो काचेच्या स्वभावामुळे, की काचेत मिसळलेल्या मळामुळे? १९६६ साली त्यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात उत्तर दिले. दोष काचेचा नाही. काचेत लोखंडासारख्या धातूंचे जे अंश असतात, ते प्रकाश खातात. काच पुरेशी शुद्ध केली तर एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरेल आणि तेवढा पुरेसा आहे. लोकांचा विश्वास बसेना. काव काच बनविणाऱ्यांच्या दारोदार फिरले. मग स्वतःच मोजमाप करून त्यांनी दाखविले की, सिलिकाची अतिशुद्ध काच त्यांच्या अपेक्षेपेक्षाही स्वच्छ आहे.

१९७० साली अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी कावांची अट पूर्ण करणारा तंतू ओढला. त्याच वर्षी सामान्य तापमानाला अखंड चालणारा, मिठाच्या कणाएवढा अर्धवाहक लेसर रशियात आल्फेरोव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी तयार केला. रस्ता आणि गाडी एकाच वर्षी तयार झाली. १९७९ साली जपानमध्ये तंतू एवढा शुद्ध झाला की, एक किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग प्रकाश उरू लागला. त्याच १९७९ साली भारतातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी पुण्यात सुरू झाली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

पुढे १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि बेल प्रयोगशाळा येथे अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला तंतू वापरून थकलेल्या प्रकाशाला वाटेतच जोर देण्याची युक्ती साधली. वाटेत थांबून त्याचे विजेत रूपांतर करण्याची गरज राहिली नाही. १९५६ सालची अटलांटिक महासागराखालची पहिली टेलिफोन केबल एका वेळी ३६ संभाषणे नेई. १९८८ साली तिथे पडलेल्या पहिल्या प्रकाशतंतू केबलीची क्षमता ४०,००० संभाषणांची होती. २०२२ साली जपानमधील संशोधकांनी नेहमीच्या जाडीच्या, पण चार गाभे असलेल्या एका तंतूतून सेकंदाला एक पेटाबिटहून अधिक, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके बिट पाठवून दाखविले. तंतूची जाडी किती, तर माणसाच्या केसाहून किंचित अधिक.

आपले बोलणे उपग्रहावरून जाते, असे पुष्कळांना वाटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली निकामी झाल्या आणि भारतातली व आखातातली इंटरनेट सेवा कित्येक दिवस अडखळत राहिली. आपल्या घराघरांना बांधणारा धागा समुद्राच्या तळाशी आहे, हे त्या दिवशी दिसले. तो तंतू तयार करण्याचे कारखाने छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या परिसरातही आहेत.

आणि संशोधन थांबलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी पोकळ गाभ्याच्या तंतूचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. यात प्रकाश काचेतून नव्हे, काचेच्या नाजूक नळ्यांनी वेढलेल्या हवेतून जातो. नेहमीच्या उत्तम तंतूत सुमारे पंधरा किलोमीटरवर प्रकाश निम्मा होतो, यात तो सुमारे तेहेतीस किलोमीटरवर निम्मा होतो. काचेतला मळ काढता काढता माणसाने शेवटी काचच बाजूला सारली.

दोष काचेचा की मळाचा?

पालकहो, आता मी माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो.

दरवर्षी निकालानंतर शाळेच्या कार्यालयात एक वाक्य कानावर येते : "सर, आमच्या पोराच्या डोक्यात गणित-विज्ञान शिरत नाही. पासपोर्ट काढलाय, चाचाकडे पाठवतो." मुलींच्या बाबतीत तर एवढेही कारण दिले जात नाही, "आता पुरे" एवढ्यावर विषय संपतो. मी त्या पालकांना दोष देत नाही. आखाताच्या पैशावर आपल्या गावांत चुली पेटल्या, घरांवर कौले-स्लॅब चढले, याच शाळेच्या भिंतीतही तो पैसा आहे. परंतु कावांचा प्रश्न येथे विचारून पाहा. मुलाला गणित येत नाही, तो दोष मुलाचा, की त्याच्या भोवती साचलेल्या मळाचा? पाचवीत अपूर्णांक कच्चे राहिले आणि कोणी पाहिले नाही. अभ्यासाला कोपरा नाही. घरात मोबाइल तीन आहेत, पण टेबल एक नाही. आणि वर "आपल्यात कोण होतंय शास्त्रज्ञ" हे वाक्य त्याने शंभरदा ऐकलेले आहे. एवढ्या मळातून प्रकाश पलीकडे पोचत नसेल तर काचेला बोल कशासाठी? काच शुद्ध करण्याचे काम आपले आहे, शिक्षकांचे आणि पालकांचे.

मुलींच्या पालकांसाठी राजेश्वरी चटर्जी यांचे उदाहरण देतो. त्यांचा जन्म १९२२ सालचा. बंगळूरमध्ये गणितात एम.एस्सी. करून त्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगनला गेल्या आणि १९५३ साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. पती शिशिरकुमार यांच्यासह त्यांनी सूक्ष्म लहरींच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली आणि वीस विद्यार्थ्यांना डॉक्टरेटसाठी मार्गदर्शन केले. सत्तर वर्षांपूर्वी एक मुलगी हे करू शकली. आज आपल्या मुलीला बसने तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात पाठवायला आपण कचरतो.

आणखी एक प्रसंग सांगतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळाले, तेव्हा ते स्मृतिभ्रंशाने आजारी होते. स्टॉकहोमच्या सभागृहात त्यांचे नोबेल व्याख्यान त्यांच्या पत्नी ग्वेन यांनी दिले. त्याही अभियंता होत्या, म्हणून पतीचे काम जगाला समजावून सांगू शकल्या. शिकलेली स्त्री घराचा आधार असते ती केवळ पगाराने नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. संशोधक होण्याला एकच दरवाजा नसतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आपल्या शाळेतून पात्र असणारे प्रत्येक मूल त्या परीक्षेला बसले पाहिजे. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचाराची तीन वर्षांची पदविका आहे, आणि ती चांगल्या गुणांनी झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञानानंतर अभियांत्रिकीची वाट आहेच. ज्याला खर्च झेपत नाही त्याने भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करावे. मूलभूत संशोधनाच्या मोठ्या संस्थांना भौतिकशास्त्राचे विद्यार्थी लागतातच. आखातात जायचेच असेल तर जरूर जा, पण तंतू जोडण्याचे, यंत्रणा सांभाळण्याचे ज्ञान हातात घेऊन जा. ओझे उचलणाऱ्याला आणि यंत्र जाणणाऱ्याला एकच मजुरी कोठेही मिळत नाही.

माझी पालकांना तीन गोष्टींची विनंती आहे. घरात अभ्यासाचा एक कोपरा करा, तो चटईएवढा असला तरी चालेल. मूल "का?" म्हणाले तर रागावू नका, उत्तर येत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवा. आणि दहावीचा निकाल लागल्यावर मुलाचा किंवा मुलीचा पुढचा निर्णय घेण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन बसा, आपण मिळून बोलू. संस्थेलाही विनंती आहे की, पाचवी ते सातवीच्या कच्च्या गणितासाठी संध्याकाळचा वर्ग या वर्षी सुरू व्हावा. शिकवायला आम्ही शिक्षक तयार आहोत, विजेचा आणि खडूचा खर्च तेवढा संस्थेने उचलावा.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला इतकेच सांगतो. बोसांकडे प्रयोगशाळा नव्हती. कपानी मोग्याचे, अताला पोर्ट सैदचे, काव युद्धाच्या धामधुमीत वाढलेले. यांपैकी कोणाला शोध आयता मिळाला नाही. त्यांनी एक प्रश्न धरला आणि तो सुटेपर्यंत सोडला नाही. घरी जा, बाटलीला भोक पाडा, पाण्याची धार उजेड घेऊन वाकते का ते पाहा. वाकली नाही तर का वाकली नाही, ते सोमवारी विज्ञानाच्या सरांना विचारा. मीही त्यांच्या शेजारी बसून ऐकेन.



जय हिंद.